सोबत समितीची गणपूर्ती

३ जून

आदरणीय बाई,

तुम्ही मला ओळखत नाही. समाजकार्यकर्त्यांच्या आपल्या संघाची मी दोन वर्षांपूर्वी सभासद झाले आणि गेल्या महिन्यात सोबत समितीची कार्यवाह. मेळाव्यात 'या समितीचं काम कोण पाहणार?' असं विचारलं गेलं, तेव्हा सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. मी तेवढी समोर बघत राहिले. तुमचा पत्ता तुरुंगात काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी दिला. सगळे त्यांना जेलर म्हणतात, ते. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

समिती तुम्हीच सुरू केलीत, तेव्हा तिचं काम तुम्हाला मी काय सांगणार. पण मला ते कसं समजलंय ते लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. जे सभासद एखाद्या कचेरीत एकटेच काम करतात, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा दुसऱ्या सभासदाने जायचं आणि तासभर बसायचं. तपासायला नाही, शिकवायला नाही, नुसतं बसायला. भेटीचा अहवाल लिहायचा नाही. हा शेवटचा नियम जुन्या फायलीत वाचला आणि मला इतका आवडला की वहीत उतरवून घेतला.

दोन वर्षांपासून या भेटी बंद आहेत. एकट्याने काम करणाऱ्या सात जणांचे अर्ज फायलीत पडून आहेत. ते मंजूर करायला सभा हवी आणि सभेला पाचांपैकी निदान तीन सभासद हवेत. १४ जूनला, शनिवारी, दुपारी चार वाजता संघाच्या वरच्या खोलीत सभा ठेवली आहे. आम्ही सर्वजण तुमची आतुरतेने वाट पाहत आहोत.

आपली नम्र,
कार्यवाह, सोबत समिती

८ जून

कार्यवाहबाई,

पत्र पोहोचलं. अक्षर सुवाच्य आहे, संघाच्या फायलींना त्याची सवय नाही. 'आतुरतेने' तेवढं पुढच्या वेळी गाळा. संघाच्या पत्रात फार तर 'प्रतीक्षेत' असावं. आतुर झालेलं माणूस दिसलं की लोक दचकतात.

समिती तुम्हाला बरोबर समजली आहे. एकच राहिलं. ज्याच्याकडे जायचं त्याने चहा करायचा नाही. आपण थर्मासमधून न्यायचा. त्याला चहापाण्याला लावलं की त्याचा एक तास आपणच खाल्ला. पहिल्या वर्षी आम्ही ही चूक केली. एका बिचारीने आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी सगळी कचेरी धुऊन काढली होती.

मला १४ तारखेला येता येणार नाही. घरी पाहुणे आहेत. मुक्काम जरा वाढला आहे.

त्या वरच्या खोलीत पंखा लावला की कागद उडतात, तेव्हा नोंदवहीवर काहीतरी जड ठेवा. आमचे पहिले अध्यक्ष स्वतःचा हात ठेवायचे. मग सभा संपेपर्यंत त्यांना सही करता यायची नाही.

सभेला शुभेच्छा. हल्ली कोण कोण येतं?

बाई

१६ जून

आदरणीय बाई,

तुमच्या पत्राने खूप हसवलं. मी ते जेलरना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई पूर्वी भर सभेत असंच बोलायच्या, आणि ज्याला बोलायच्या तोच सगळ्यात जास्त हसायचा."

शनिवारची सभा गणपूर्तीअभावी होऊ शकली नाही. तसं सगळं व्यवस्थित होतं, खुर्च्या पुसल्या होत्या, विषयपत्रिका छापली होती. तिसरं माणूस तेवढं कमी पडलं. नियमावलीत असं आहे की लागोपाठ तीन सभा अशा गेल्या तर समिती आपोआप विसर्जित होते. पण आम्ही काही ती वेळ येऊ देणार नाही. पुढची सभा १२ जुलैला आहे.

तुमच्या घरी पाहुणे आहेत हे वाचून बरं वाटलं. भरलेल्या घराची मला फार ओढ आहे. आमच्या घरी दोन खोल्यांत आम्ही सहा जण. वडिलांचं इस्त्रीचं दुकान पुढच्या खोलीत. माझा पदवीचा अभ्यास गरम कपड्यांच्या ढिगाशेजारी झाला. आमच्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडील गिऱ्हाइकांना सांगतात, "थोरली समाजाची ऑफिसर झाली." आई विचारते, "म्हणजे कुणाची?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, सगळ्यांचीच."

पाहुणे कधी जाणार आहेत? त्याप्रमाणे सभेची वेळ पुढेमागे करता येईल.

आपली,
कार्यवाह

२४ जून

कार्यवाहबाई,

कधी जाणार हे पाहुण्यांना विचारायचं नसतं. आमचे पाहुणे तर रोज संध्याकाळी आपणहून निघतो म्हणतात आणि मीच त्यांना थांबवून घेते. त्यांना घरी ठेवून मला बाहेर पडता येत नाही. सभेची वेळ माझ्यासाठी बदलू नका.

तुमच्या वडिलांचं उत्तर मला आवडलं. आम्ही व्याख्यानांतून तासभर जे सांगायचो ते त्यांनी दोन शब्दांत उरकलं.

माझ्यावाचून अडायचं काही कारण नाही. तुम्ही इतके जण आहात, तरुण आहात. एकेकाच्या दारात जाऊन उभे राहा. टाळणारा माणूस फोनवर सापडत नाही, दारात सापडतो. आणि सभा झाली नाही हे 'तसं सगळं व्यवस्थित होतं' अशा वाक्यात गुंडाळू नका. झाली नाही तर झाली नाही.

बाई

१४ जुलै

आदरणीय बाई,

शनिवारची सभाही झाली नाही. तुम्ही येऊ शकला नाहीत, त्यामागच्या तुमच्या भावना मी समजू शकते.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पण तुम्हीच गुंडाळू नका म्हणालात, म्हणून पुढचं लिहिते.

मला तुमच्या भावना समजत नाहीत. मला राग आला आहे. तुमचं घर माणसांनी भरलेलं आहे. महिनाभर कुणी ना कुणी तुम्हाला थांब म्हणतंय, कुणाला तुम्ही थांबा म्हणताय. त्यातला एक तास तुम्हाला काढता येत नाही.

'तुम्ही इतके जण' असं तुम्ही लिहिलंत. इतके जण कोण, बाई? अध्यक्ष दुसऱ्या शहरात बदलून गेलेत, राजीनामा द्यायचा मात्र विसरलेत. एक सभासद बाळंतपणाच्या रजेवर आहेत. राहिलो जेलर आणि मी. तुम्ही आलात तरच तीन होतात, नाहीतर कधीच होत नाहीत. मी पत्रांत 'आम्ही' लिहिते ते मीच असते. कार्यवाहाने 'मी' लिहू नये असं मला वाटलं.

शनिवारी आम्ही दोघं साडेपाचपर्यंत बसलो. जेलरचा गुडघा सुजला होता, तरी ते दोन जिने चढून आले. निघताना म्हणाले, "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे तर लोकांना भेटीच्या वेळेला बांधून आणतात, तरी भेट होत नाही." मी हसले, ते गेले, आणि मी 'उपस्थित : दोन' असं लिहून वही मिटली.

आता सगळं सांगूनच टाकते. त्या सात अर्जांत सातवा माझा आहे. मी कोर्टाच्या आवारातल्या सल्ला केंद्रात काम करते. खोली एक, टेबल एक आणि मी. नवरा-बायको भांडत येतात, भाऊ-भाऊ येतात, दिवसाला वीसवीस माणसं येतात. पण त्यातलं कुणी मला 'जेवलीस का' असं विचारायला आलेलं नसतं, आणि त्यांनी विचारावं असंही नाही. एक ते दोन मी दार लावून डबा खाते. घरी सांगितलंय की ऑफिसात आठ जण आहेत. वडील त्यांची नावं विचारतात. मग मी त्या दिवशी आलेल्या भांडणांतल्या लोकांची नावं सांगते. मागे ते म्हणाले, "तो तुमचा अमुक अमुक बरा आहे का गं?" त्या माणसाने त्या सकाळी बायकोच्या अंगावर खुर्ची उचलली होती. मी म्हटलं, "हो, बरा आहे."

समिती बंद पडली तर माझ्या खोलीत कुणी येणार नाही, एवढंच आहे हे. माझाच अर्ज मीच पुढे रेटते आहे, हे बरोबर नाही, तेही मला कळतं. तिसरी आणि शेवटची सभा ९ ऑगस्टला आहे.

तुमची,
कार्यवाह (आम्ही नाही)

१९ जुलै

पोरी,

आता तुला कार्यवाहबाई म्हणवत नाही.

'तुमच्या भावना मी समजू शकते' हे वाक्य मी एकवीस वर्षं प्रशिक्षणात शिकवलं. समोरून आल्यावर ते किती गार लागतं ते काल कळलं. त्याखालचं तुझं खरं पत्र मात्र मी तीनदा वाचलं.

पाहुणे एकच आहेत. आपल्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात. तर माझे यजमानच माझ्या घरी पाहुणे झाले आहेत.

हे मोजणीदार होते. चाळीस वर्षं साखळी ओढत लोकांच्या जमिनी मोजल्या, दुसऱ्यांच्या हद्दी ठरवून दिल्या. आता तीन खोल्यांच्या घरात यांना न्हाणीघर सापडत नाही. दोन वर्षांपूर्वी विसरायला लागले, आणि गेले चौदा महिने यांना वाटतं की हे घर दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि आपण इथे उतरलो आहोत. सकाळी अंघोळीला जाऊ का, असं विचारतात. टॉवेल घडी करून ठेवतात. दुसरी पोळी नको म्हणतात, भिडेने. संध्याकाळी दोन शर्ट आणि एकच बूट पिशवीत भरून दाराशी येतात आणि म्हणतात, "बाई, फार केलंत माझं. निघतो आता. घरी वाट बघत असतील." मी म्हणते, "आज उशीर झाला, उद्या जा." ते ऐकतात. पहिल्यापासून रीतीचे आहेत. फोन वाजला की घरून आपल्याला बोलावणं आलं असं समजून चपला शोधतात, म्हणून मी फोनची वायरच काढून ठेवली.

सगळं जग मला बाई म्हणतं. नावाने हाक मारणारं हे एक माणूस होतं. तेही आता बाई म्हणतं.

मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर संघातले लोक आले असते. ते कसे येतील ते मला माहीत आहे. मान एका बाजूला कलती करून, आवाज खाली आणून. मीच शिकवली आहे ती मान.

तुझं 'आम्ही' मी खरं धरलं आणि माझे 'पाहुणे' तू. दोघींनी अनेकवचनावर भागवलं.

तुझा राग रास्त आहे. पण मी येऊ शकत नाही.

बाई

२४ जुलै

प्रिय बाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा टेबलासमोर दोन भाऊ भांडत होते. मी त्यांना म्हटलं, "पाच मिनिटं थांबा." ते इतके चकित झाले की खरंच थांबले.

माफी कशी मागायची ते मला येत नाही, म्हणून काम करते. नियमावली पुन्हा वाचली. सभा संघाच्या खोलीतच व्हावी असं कुठल्याच कलमात नाही. 'तीन सभासदांनी एकत्र बसावे' एवढंच आहे. कुठे बसावे ते नाही! तेव्हा ९ ऑगस्टची सभा तुमच्या घरी. जेलर तयार आहेत. त्यांचं म्हणणं, "मला बंद दाराआड जायची सवय आहे." ते पाहुण्यांपाशी बसतील, सभेला म्हणून अधूनमधून हात वर करतील. अर्ध्या तासात सातही अर्ज मंजूर होतील. आम्ही मान सरळ ठेवू, शपथेवर.

आणि बाई, मला आणखी एक सुचलंय. सोबत एक कोरा अर्ज पाठवते. कोरा म्हणजे तुमचं नाव, पत्ता आणि कारण मी भरलं आहे, फक्त सही हवी. आठवा अर्ज तुमचा. तुम्हीही चौदा महिने एकट्याच एक केंद्र चालवत आहात. तुमच्याइतका या योजनेवर कुणाचा हक्क आहे?

सभेची सूचनाही सोबत आहे. तुमच्या घरचा पत्ता टाकून छापली, फार छान दिसते.

तुमची,
कार्यवाह

३० जुलै

सूचना परत पाठवते आहे. अर्जही.

तू 'कारण' या रकान्यात 'कौटुंबिक जबाबदारीमुळे आलेले एकाकीपण' असं लिहिलं आहेस. वाक्यात चूक नाही. मीसुद्धा शेकडो लोकांबद्दल अशी वाक्यं लिहिली आहेत आणि त्यांच्याकडून सह्या घेतल्या आहेत. त्यांना ती वाचताना काय वाटलं असेल, हे विचारायचं राहून गेलं.

सभा माझ्या घरी नको. तुमच्या खोलीत घ्या. मी नसेन.

१४ ऑगस्ट

बाई,

मी तुमच्याबद्दल लिहिलं, तुम्हाला विचारलं नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा कळेल अशी चूक आहे ती. मला आनंदाच्या भरात कळली नाही. तुम्ही उत्तर देऊ नका, पण काय झालं ते तुम्हाला कळवणं माझं काम आहे, म्हणून लिहिते.

९ तारखेला आम्ही दोघंच होतो. पाच वाजले तेव्हा जेलर म्हणाले, "बाई आल्या होत्या असं लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

मी म्हटलं, "बाईंना विचारलं तर त्या नाही म्हणतील."

"मग त्यांना विचारू नको."

"काका, तसं नुकतंच एकदा करून झालंय."

त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तू ना, माझ्याकडच्या काही कैद्यांसारखी आहेस. दार उघडं ठेवलं तरी आतच बसशील." रागाने नाही म्हणाले. गुडघ्याला हात लावून उठले आणि जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. मी 'उपस्थित : दोन' लिहिलं. त्याखाली समिती विसर्जित झाल्याची नोंद केली आणि दोघांनी सह्या केल्या. बावीस वर्षांची समिती साडेतीन ओळींत संपली.

सोमवारी सात अर्जदारांना पत्रं लिहिली. 'आपल्या अर्जाबाबत कळविण्यात येते की, समिती विसर्जित झाल्यामुळे भेटीची व्यवस्था करणे शक्य नाही. तरी क्षमस्व.' सहा लिहून झाली. सातवं मलाच होतं. वगळावं की काय, असा विचार आला. पण अर्जदार आहे तर उत्तर द्यायला हवं. लिहिलं, खाली सही केली, जावक क्रमांक ४१ टाकला आणि बाकीच्यांबरोबर पेटीत टाकलं.

काल ते ऑफिसात आलं. शिपायाने पाकीट टेबलावर टाकलं आणि बाई, मला क्षणभर इतका आनंद झाला! कुणीतरी आपल्याला हाताने पत्ता लिहून पत्र पाठवलंय. मग अक्षर ओळखलं.

नोंदवही मी संघात जमा केली आहे. मोजणीदारकाकांना नमस्कार सांगा, सांगता आला तर.

तुमची

१८ ऑगस्ट

पोरी,

तुझं जावक क्रमांक ४१ वाचून मी मोठ्याने हसले. नंतर मला ते हसू आवरेना आणि ते पुढे हसूही राहिलं नाही. हे समोर बसले होते. म्हणाले, "काय झालं, बाई?"

मी यांना तुझं सगळं पत्र वाचून दाखवलं. यांना किती कळलं मला माहीत नाही. कैद्यांची ओळ आली तेव्हा 'जरा थांबा' म्हणाले, ती पुन्हा वाचायला लावली. शेवटी म्हणाले, "मग बोलवा की त्या मुलीला. घर तुमचंच आहे ना?"



समिती गेली, तेव्हा तू कार्यवाह नाहीस आणि मी संस्थापक सभासद नाही. एका परीने बरं झालं. समितीची भेट मला घेता आली नसती. शनिवारी, ३० तारखेला, चार वाजता ये. अर्ज नाही, सूचना नाही. मी बोलावते आहे म्हणून ये.

हे तुला विचारतील, तुम्ही कोण? नात किंवा पुतणी आहे असं सांगू नकोस. बाकी काही कळत नसलं तरी खोटं यांना लगेच कळतं. 'मीही पाहुणीच आहे' असं सांग, ते खरं आहे. त्यांनी निघायची भाषा केली तर अडवू नकोस, कुठे जायचंय ते विचार. मग ते बोलत बसतात आणि निघायचं राहतं. मला औषधं आणायची आहेत, तासभर लागेल.

मान सरळ.

बाई

२२ ऑगस्ट

बाई,

येते.

(खाली लिहायला आता पद उरलं नाही. नुसतंच सोडते.)

१ सप्टेंबर

पोरी,

तू शनिवारी गेल्यावर काय झालं ते आधी सांगते, कारण तुला वाटत असेल सगळं छान झालं.

मी परत आले तेव्हा तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीची मोजणी करत होतात. हे पावलं टाकत आकडे सांगत होते, तू कागदावर लिहीत होतीस. यांचा आवाज मोजणीवर असतानाचा होता, मी तो दोन वर्षांत ऐकला नव्हता. दारात उभी राहून ऐकत होते, तुम्हाला कळलं नाही. पण तू गेलीस आणि हे तुला शोधायला लागले. कारकून कुठे गेली, नकाशा अर्धा राहिला, साहेब काय म्हणतील. कागद दाखवला तर तो आपला नाही म्हणाले. माझ्यावर ओरडले, पिशवी फेकली. रात्र वाईट गेली आणि रविवारही. सोबतीचा हा भाग आम्ही नियमावलीत लिहिला नव्हता. माणूस येऊन गेलं की आधीपेक्षा जास्त रिकामं होतं.

आता माझं. औषधं घरात होती. मला आणायची नव्हती.

चौदा महिने मी मनात यादी करत होते, एक तास मिळाला तर कुठे कुठे जायचं. वाचनालय होतं, चष्म्याचं दुकान होतं, एका मैत्रिणीचं घर होतं. फाटक लावून बाहेर पडले आणि त्यातलं एकही ठिकाण मला नको झालं. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. पहिली बस आली, गेली. दुसरी आली. कंडक्टर म्हणाला, "आजी, यायचंय का?" मी म्हटलं, "नाही." "मग हात कशाला केलात?" माझा हात वर होता, मला माहीतच नव्हतं. तिसरी आली तेव्हा शेजारी एक बाई होती, भाजीच्या पिशव्या घेऊन. तिने विचारलं, "तुमची कुठली?" मी म्हटलं, "माझी कुठलीच नाही, मी अशीच बसलेय." तिने पिशवी पायाशी ओढून घेतली, मला पाय पसरायला जागा झाली, आणि तिने पुढे एक शब्द विचारला नाही. आपल्या सगळ्या प्रशिक्षणात मी एवढं चांगलं काम कुणाला शिकवलेलं नाही.

चौथ्या बसने ती गेली. मग मी घरी आले.

पुढच्या शनिवारी येशील का? शनिवारपासून हे वाक्य लिहिते आहे आणि दर वेळी त्याच्या पुढेमागे काहीतरी जोडते आहे. तुला वेळ असेल तर, तुझी अडचण नसेल तर, यांना बरं वाटतं म्हणून. ते सगळं खोडलं. मला हवी आहेस म्हणून ये. पुन्हा रात्र वाईट जाईल, त्याचं मी बघेन.

तुझ्या ऑफिसात मला येता येणार नाही. त्यावर मला काही सुचत नाही आणि सुचल्याचं मी दाखवणारही नाही. जेलरना तुझ्यासाठी लिहावं, असं मनात आलं होतं. पत्ता घालून पाकीटसुद्धा काढलं, पण नाही लिहिलं. दुसऱ्यांसाठी मागायला आपल्या दोघींना कधीच जड गेलं नाही. तूच लिही त्यांना.

बाई

४ सप्टेंबर

जेलरकाका,

गुडघा कसा आहे? शनिवारी मी बाईंकडे जाणार आहे. येत्या आणि त्याच्या पुढच्याही. त्या बऱ्या आहेत असं लिहिणार होते, पण तशा नाहीत. बाकी त्या भेटल्या की त्याच सांगतील.

हे पत्र दुसऱ्या कामासाठी आहे. खरं म्हणजे कामासाठी नाही. मी कोर्टाच्या आवारात मागच्या बाजूला, टंकलेखकांच्या रांगेच्या शेवटी बसते. जिना नाही, एकच पायरी आहे. मंगळवारी दुपारी एक ते दोन मी मोकळी असते. तुमचा तुरुंग गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि माझं ऑफिस तुमच्या कुठल्याच वाटेवर नाही, हे मला माहीत आहे.

तरी याल का? महिन्यातून एकदा. बोलायला हवं असंही नाही. मला एकटीला जेवायचा कंटाळा आला आहे.

जमणार नसेल तर तसं कळवा. पण कळवा.

तुमची,
सातवी अर्जदार